काँक्रीटवर लाकडी फ्लोअरिंग: बडोद्याच्या ओलीत टिकणारं ॲडेसिव्ह कसं निवडावं

डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगळे गुण खपवले जातात. पहिला गुण म्हणजे वाळलेलं ॲडेसिव्ह पाण्याने विरघळत नाही. दुसरा, ते किंचित दमट काँक्रीटलाही धरतं. तिसरा, खालून येणारी वाफ ते स्वतःतून वर जाऊ देत नाही. लाकडी फ्लोअरिंगला खरी गरज तिसऱ्या गुणाची असते. पहिले दोनच असले तर ॲडेसिव्ह जमिनीला घट्ट राहील, पण त्यातून ओल वर जाईल आणि फळी फुगेल. मग दोष लाकडाला लावला जातो. दुकानात डबा हातात घेतल्यावर विचारायचा प्रश्न म्हणूनच "वॉटरप्रूफ आहे का?" हा नव्हे. "काँक्रीटची किती आरएच चालते, आणि हे वाफ अडवतं का?" असं विचारा (आरएच म्हणजे काँक्रीटच्या आतली सापेक्ष आर्द्रता). उत्तर विक्रेत्याच्या तोंडचं नको, कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटवरचं हवं.

बडोद्यात हा प्रश्न पुण्यापेक्षा अवघड होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. ३० अंशाच्या आसपास आणि ३५ टक्के दमटपणात लाकडातली ओल सुमारे ७ टक्क्यांवर स्थिरावते. ८० टक्के दमटपणात ती १५-१६ टक्क्यांपर्यंत चढते. खोली बंद राहत असेल, एसी चालत असेल तर हा फरक कमी होतो, तरी ६ टक्क्यांचा चढउतार धरून चालावं. सागाची ९० मिमी रुंद, आडव्या वलयांची फळी एवढ्या फरकात जवळजवळ १ मिमी हलते. १२ फूट रुंद खोलीत अशा ४० फळ्या बसतात, म्हणजे मोकळ्या सोडल्या तर मिळून ४ सेंटिमीटर. चिकटवलेल्या फळ्या एवढ्या सरकत नाहीत, कारण ॲडेसिव्ह त्यांना धरून ठेवतं. पण तो सगळा ताण त्याच पातळ थराला पेलावा लागतो. हे झालं फक्त वरच्या हवेचं. त्यात खालून ओल आली तर फळीचा तळ फुगतो, माथा कोरडा राहतो आणि कडा वर उचलतात.

ओल येते कुठून

वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये प्रश्न मुख्यतः बांधकामाच्या पाण्याचा. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी काँक्रीट ओतताना घातलेलं असतं. पुढे क्युरिंगसाठी आठवडाभर ते दोन आठवडे पाणी मारतात. हे जादा पाणी निघून जायला अंदाजे २५ मिमी जाडीला एक महिना लागतो. तोही क्युरिंग संपल्यावर, छत आणि खिडक्या बसून पावसाचं पाणी आत यायचं थांबल्यावर मोजायचा. त्यावर कोबा किंवा लेव्हलिंगचा थर घातला की घड्याळ पुन्हा सुरू. दिवाळीत ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये डिसेंबरात लाकूड घालायची घाई करणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडून पाहावा.

तळमजल्याचं गणित वेगळं आहे. तिथे स्लॅब कितीही जुना असला तरी जमिनीतून ओल येतच राहते, कारण खालचा साठा संपणारा नसतो. बडोद्याच्या भोवतीची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्या हालचालीने पीसीसीला (मातीवर ओतलेल्या साध्या, बिनसळईच्या काँक्रीटच्या थराला) बारीक तडे जातात. त्या तड्यांतून वाफ सहज वर येते. नव्या सोसायट्यांत पीसीसीखाली २५० मायक्रॉनचं प्लास्टिक घातलं असेल तर नशीब. बिल्डरला विचारा, फोटो मागा. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांच्या जोत्यात ओलरोधक थर असेलच असं धरू नका. भिंतीच्या पायथ्याशी पापुद्रे सुटत असतील, पांढरा लोणा फुटत असेल, तर जमिनीतही तीच ओल आहे. गुजराती कडिया (गवंडी) त्याला 'भेज' म्हणेल, आपण ओल म्हणू, गोष्ट एकच.

विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या तळमजल्यावर लाकूड चिकटवूच नये. वाफ अडवणं आणि पाण्याचा दाब अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाण्याचा दाब पेलेल असं कोणतंही फ्लोअरिंग ॲडेसिव्ह नाही. तिथे टाइल घालावी आणि लाकडाची हौस वरच्या मजल्यावर भागवावी.

आधी मोजा, मग डबा निवडा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

पहिली सोपी चाचणी प्लास्टिकची. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक पॉलिथिन जमिनीवर चारही कडांनी टेपने पक्कं चिकटवायचं आणि किमान १६ तास तसंच ठेवायचं. उचलण्याआधी नीट पाहा: थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला आहेत की खालच्या? वर असतील तर खोलीची दमट हवा गार जमिनीवर थिजली आहे. खालच्या बाजूला असतील, किंवा झाकलेला चौकोन आजूबाजूपेक्षा काळपट दिसत असेल, तर ओल जमिनीतली. ही चाचणी ओल आहे एवढंच सांगू शकते. प्लास्टिक कोरडं निघालं म्हणून जमीन कोरडी असं मात्र ठरत नाही, कारण खोलवरचं पाणी १६ तासांत वर येत नाही.

खरी मोजणी काँक्रीटच्या आतल्या सापेक्ष आर्द्रतेची, म्हणजे आरएचची. एएसटीएम एफ २१७० या पद्धतीत स्लॅबला भोक पाडून त्यात बाही (छोटी नळी) बसवतात, ती बंद करून २४ तास थांबतात आणि मग आत प्रोब घालून वाचन घेतात. स्लॅब एकाच बाजूने वाळत असेल, जसा जमिनीवरचा, तर भोक जाडीच्या ४० टक्के खोल. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या मजल्याच्या स्लॅबला २० टक्के. १०० मिमी जाडीच्या तळमजल्याला भोक ४० मिमी. एवढं का, तर वरून फ्लोअरिंगने झाकल्यावर स्लॅबभर ओल सारखी पसरते, आणि तेव्हा वर जी ओल येणार ती आज एवढ्या खोल असते. वरचा पृष्ठभाग पंख्याने कोरडा दिसतो, तो फसवा असतो.

प्रोब मिळत नसेल तर पेटीची पद्धत वापरता येते. स्वच्छ केलेल्या जमिनीवर एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवायचा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा डबा उलटा घालून कडा ब्यूटाइल टेपने किंवा सीलंटने बंद करायच्या. डब्यावर थर्मोकोल ठेवायचं, म्हणजे रात्रीच्या थंडीने आत दव धरणार नाही. ७२ तासांनी वाचन घ्या, चौथ्या दिवशी पुन्हा घ्या. दोन्ही सारखी आली तरच आकडा खरा. वाढत असेल तर आणखी थांबा. नव्या जाड स्लॅबला आठवडाही लागू शकतो. मोजणी खोलीच्या मध्ये, बाहेरच्या भिंतीजवळ आणि बाथरूमच्या भिंतीजवळ अशा तीन ठिकाणी घ्या, आणि तिन्हींपैकी सर्वांत मोठा आकडा धरा. सरासरी काढू नका. फळी उचलते ती सर्वांत ओल्या जागी.

स्वस्त हायग्रोमीटर चार-पाच टक्क्यांनी चुकतो, पण तो तपासायची युक्ती स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि त्यावर पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूइतपत भिजवा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. हे झाकण आणि हायग्रोमीटर एकमेकांना न टेकवता झिपच्या पिशवीत घालून रात्रभर, शक्यतो पूर्ण दिवस, बंद ठेवा. ओल्या मिठावरची हवा नेहमी ७५ टक्के आरएचवर स्थिरावते. मीटरने ७९ दाखवलं तर पुढच्या प्रत्येक वाचनातून ४ वजा करा. ही युक्ती आपल्याला अगदी नेमकी लागते, कारण लाकडी फ्लोअरिंगसाठी सर्वसाधारण मर्यादाही ७५ टक्क्यांचीच धरतात.

लाकडात टोचायचा दोन पिनांचा मीटर काँक्रीटला लावू नका. तो विजेचा रोध मोजून लाकडातल्या ओलीचा आकडा सांगतो. काँक्रीटमधल्या क्षारांमुळे तो काहीही दाखवेल. तसंच, कुणी "चार टक्के ओल आहे" म्हणालं तर तो आकडा वजनाचा आहे की आरएचचा, हे विचारा. कार्बाइडच्या बाटलीने (कोब्याचा चुरा कार्बाइडबरोबर बंद बाटलीत घालून वजनातली ओल मोजायची पद्धत) घेतलेली सिमेंट कोब्याची मर्यादा साधारण २ टक्के असते, आणि तो आकडा ७५ टक्के आरएचशी थेट ताडून पाहता येत नाही. डेटा शीटवर ज्या एककात मर्यादा दिली असेल त्याच पद्धतीने मोजा.

मोजणी कोणत्या महिन्यात करायची, हे तळमजल्याच्या बाबतीत निर्णायक ठरतं. मे महिन्यात मोजलेली जमीन उत्तीर्ण होते आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन फळ्या उचलते, कारण मधल्या काळात खालची माती भिजून चिंब झालेली असते. तळमजल्यावर मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरात करा, म्हणजे सर्वांत वाईट आकडा हाती येईल. फ्लोअरिंग घालायचं मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा हवेचा दमटपणा मधल्या पट्ट्यात असतो आणि लाकूड ९-१० टक्क्यांवर येतं. लाकडाची ओल मात्र त्या पिनांच्या मीटरनेच मोजायची. ८ ते ११ टक्क्यांत असल्याशिवाय पेट्या फोडून काम सुरू करू नका. भर पावसात उघड्या खिडक्यांच्या घरात पेट्या 'सेट होऊ द्या' म्हणून ठेवल्या तर लाकूड १५ टक्के ओल पिऊन बसतं, आणि मेमध्ये प्रत्येक सांधा उघडतो.

कोणतं ॲडेसिव्ह कशासाठी

पांढरा पीव्हीए, ज्याला सगळे फेव्हिकॉल म्हणतात, तो लाकूड लाकडाला जोडायला उत्तम आहे. डब्यावर डी ३ किंवा डी ४ लिहिलेलं असतं ते युरोपीय वर्गीकरण लाकडाच्या सांध्याचं आहे: डी ३ अधूनमधून थोडा वेळ पाणी लागलं तर टिकतो, डी ४ त्याहून कठीण परिस्थितीत. काँक्रीटमधून येणाऱ्या वाफेबद्दल ते अक्षर काहीही सांगत नाही. शिवाय ओलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, ताज्याचा पीएच १२-१३ असतो, आणि ती क्षारयुक्त ओल साध्या पीव्हीएची हळूहळू मोडतोड करते. त्यातलं पाणीही फळीच्या तळात जातं. म्हणून टंग-ग्रूव्हचे सांधे, प्लायला व्हिनिअर, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग. काँक्रीटवर तो पसरू नका.

सनमायका चिकटवायचं पिवळसर रबरी ॲडेसिव्हही फळ्यांना नको. त्याचा थर कागदासारखा पातळ असतो, जमिनीचे खड्डे भरत नाही, टेकवल्या जागी पकडतं म्हणून फळी सरकवून सांधा बसवता येत नाही, आणि त्याच्या वाफा पेट घेतात.

एक घटकी पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, हवेतल्या ओलीनेच घट्ट होतं. त्यात पाणी नसतं म्हणून लाकूड फुगत नाही. पकड जबरदस्त. तोटे दोन. ओल जास्त असेल तर काही प्रकार फेसाळतात आणि थराला छिद्रं पडतात. आणि फळीच्या पॉलिशवर लागलेलं पीयू एकदा वाळलं की निघत नाही, हाताच्या कातडीवरूनही चार दिवस जात नाही. त्यातल्या आयसोसायनेटची काहींना ॲलर्जी होते, तेव्हा हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

सिलेन-पॉलिमर प्रकार, ज्याला दुकानात एमएस पॉलिमर किंवा एसएमपी म्हणतात, हा घरातल्या कामासाठी आमची पहिली पसंती. पाणी नाही, सॉल्व्हंट नाही, आयसोसायनेट नाही, वाळल्यावर रबरासारखं लवचीक राहतं आणि फळीबरोबर थोडं हलतं. ओलं असताना कोरड्या फडक्याने पुसलं जातं. पीयूपेक्षा महाग पडतं, पण पॉलिश केलेली इंजिनिअर्ड फळी (प्लायच्या गाभ्यावर खऱ्या लाकडाचा थर असलेली) वाचते. फक्त इथेच एक सापळा आहे. लवचीक म्हणजे वाफरोधक असं नव्हे. एकाच कंपनीचे दोन एसएमपी डबे असू शकतात, एक साधा आणि एक वाफ अडवणारा. दुसऱ्याच्या शीटवर ओलीची मर्यादा ठळक दिलेली असते, आणि सोबत एक अटही असते: ठरावीक खाचेचा ट्रॉवेल, ठरावीक किलो प्रति चौरस मीटर, आणि फळीखाली कुठेही मोकळी जागा नको. ती अट पाळली नाही तर वाफरोध नाही, पैसे मात्र पूर्ण गेलेले.

एपॉक्सी हे चिकटवण्यापेक्षा अडवण्यासाठी वापरावं. दोन घटकी एपॉक्सीचा प्राइमर दोन हातांत जमिनीवर लावून त्यावर एसएमपी किंवा पीयूने फळी चिकटवणं हा ओल्या जमिनीचा सर्वांत भरवशाचा उपाय. एपॉक्सी दमट काँक्रीटवर चालेल असंच घ्या. साधं फर्निचरचं किंवा पेंटचं एपॉक्सी ओल्या काँक्रीटवर फोड धरतं.

निवड करताना ढोबळ पट्टे असे धरा. ७५ टक्के आरएचच्या खाली कोणतंही चांगलं एसएमपी किंवा पीयू. ७५ ते ८५ मध्ये ज्याच्या शीटवर तेवढी आरएच आणि वाफरोध दोन्ही लिहिलेले असतील तेच ॲडेसिव्ह, किंवा एपॉक्सी प्राइमर अधिक साधं ॲडेसिव्ह. ८५ च्या वर एपॉक्सीचे दोन थर, दुसरा विचार नको. ९५ च्या पुढे डबे शोधणं थांबवून गळती शोधा. बाथरूमचा खाली घेतलेला (संकन) स्लॅब, ड्रेनेजचा फुटलेला पाइप, बाहेरून जोत्याला टेकलेली बागेची माती, यांपैकी काहीतरी सापडेल. बाथरूम लागून असेल तर दोन दिवस पाणी भरून ठेवण्याची चाचणी फ्लोअरिंगच्या आधीच करून घ्या.

फळीच्या प्रकारानेही निवड बदलते. लाकडी फ्लोअरिंगच्या ॲडेसिव्हचं आयएसओ १७१७८ हे मानक त्यांचे हार्ड, हार्ड-इलॅस्टिक आणि इलॅस्टिक असे वर्ग करतं. १४-१५ मिमीची इंजिनिअर्ड फळी प्लायच्या गाभ्यामुळे कमी हलते, तिला इलॅस्टिक पुरतं. रुंद घन सागासाठी डब्यावर 'सॉलिड वुड' असा स्पष्ट उल्लेख हवा. बडोद्याच्या तळमजल्यावर निवड तुमच्या हातात असेल तर इंजिनिअर्डच घ्या. लॅमिनेट तर चिकटवायचंच नसतं. ते फोमवर तरंगतं, त्याच्या खाली पॉलिथिन पसरायचं, बस.

जुन्या फरशीवर घालायचं असेल तर

मोझॅक, कोटा किंवा व्हिट्रिफाइड फरशी न काढता वर लाकूड घालता येतं, पण मोजणी वेगळी करावी लागते. व्हिट्रिफाइड टाइलवर पेटी ठेवून आलेला आकडा निरर्थक, कारण टाइल श्वास घेत नाही. कोपऱ्यातली एक टाइल उचलून खालच्या मसाल्यात मोजा. रुपयाच्या नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहा. पोकळ आवाज देणारी काढून जागा भरा. वर्षानुवर्षांचं मेण आणि पॉलिश डायमंड ग्राइंडरने घासून काढा. केलं की नाही हे पाण्याचा थेंब सांगतो: थेंब गोळा होऊन राहिला तर मेण बाकी आहे, मिनिटभरात पसरून शोषला गेला तर कोटा आणि काँक्रीट तयार आहे.

किती लागेल

१२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे १६८ चौरस फूट, १५.६ चौरस मीटर. साधं लवचीक ॲडेसिव्ह चौरस मीटरला १.२ किलो धरलं तर १८.७ किलो, १० टक्के नासाडीसह २०.६. पंधरा किलोचे दोन डबे पुरतात. तीच खोली वाफरोधक ॲडेसिव्हने केली आणि शीटवर १.८ किलो लिहिलं असेल तर २८ किलो, नासाडीसह ३१. आता तीन डबे लागतात. काम करणारा "दोनातच बसवतो" म्हणाला तर तो पातळ पसरणार आहे, हे समजून घ्या. वाफरोध तिथेच संपला. एपॉक्सी लावणार असाल तर ३५० ग्रॅमचे दोन हात धरून या खोलीला सुमारे ११ किलो. नक्की आकडा प्रत्येक कंपनीच्या शीटवरूनच घ्या.

डबे घेताना बनवल्याची तारीख पाहा. ओलीने घट्ट होणारं ॲडेसिव्ह उन्हात तापलेल्या गोदामात वर्षभर पडून राहिलं तर उघडल्यावर वर साय धरलेली दिसते आणि आत गुठळ्या मिळतात.

लावताना

जमीन सपाट हवी: २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. उंचवटे घासा, खड्डे सिमेंटच्या लेव्हलरने भरा, जिप्समच्या नको, कारण जिप्सम ओलीने मऊ पडतं. पृष्ठभागावरची सिमेंटची भुसभुशीत साय ग्राइंडरने काढून व्हॅक्यूमने धूळ ओढा. झाडूने फक्त धूळ हलते.

एपॉक्सीचा पहिला हात रोलरने लावा, दुसरा त्याला काटकोनात, शीटवर दिलेल्या वेळेच्या आत. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू शिंपडा, जमीन पूर्ण झाकेपर्यंत. वाळल्यावर सुटी वाळू झाडून व्हॅक्यूम करा. ही खरबरीत वाळूच ॲडेसिव्हला धरते. गुळगुळीत एपॉक्सीवर आठवडाभराने ॲडेसिव्ह लावलं तर फळी पापुद्र्यासारखी सुटते. टॉर्च आडवा धरून पिनहोल शोधा. टाचणीएवढ्या भोकातूनही वाफ येत राहते.

ॲडेसिव्ह शीटवर सांगितलेल्या खाचेच्या ट्रॉवेलने, साधारण ६० अंशाच्या कोनात धरून पसरा. ट्रॉवेल आडवा झोपवला की उंचवटे बुटके होतात आणि माल कमी बसतो. काँक्रीटवर घासून खाचांचे दात झिजतात. नव्या ट्रॉवेलशी ताडून पाहा आणि झिजलेला टाकून द्या. शीटवरची ओपन टाइम (माल पसरल्यावर फळी बसवायला मिळणारा वेळ) २३ अंश आणि ५० टक्के दमटपणाला मोजलेली असते. आपल्याकडे ३३ अंश आणि दमट हवेत ओलीने घट्ट होणाऱ्या मालावर साय खूप लवकर धरते, तेव्हा २० मिनिटांत झाकता येईल एवढीच जागा एका वेळी पसरा. बोट टेकवा: माल बोटाला लागला तर फळी बसवा, नुसता चिकचिकला तर खरवडून टाका.

दर पाचवी फळी बसवून लगेच उचलून पाहा. फळीच्या पाठीवर ॲडेसिव्ह सगळीकडे पोचलं पाहिजे. साध्या कामात किमान ८० टक्के, वाफरोधात जवळपास सगळी पाठ माखलेली दिसली पाहिजे. रेघा नुसत्या टेकल्या असतील, मधले पट्टे कोरडे असतील तर ट्रॉवेल बदला किंवा जमीन पुन्हा तपासा. ठिपके टाकून फळी चिकटवणारा कारागीर असेल तर काम तिथेच थांबवा.

भिंतीपासून चहूबाजूंनी १० ते १२ मिमी जागा सोडा. त्यात ॲडेसिव्ह किंवा सिमेंट पडू देऊ नका. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फ्लोअरिंगला नको. दारासाठीचा स्टॉपर जमिनीत ड्रिल करून बसवला तर एपॉक्सीला भोक पडतं आणि काही महिन्यांत त्याच जागी लाकूड काळं पडतं. स्टॉपर भिंतीला लावा.

सुटली तर पाठ वाचा

फळी सुटली असेल तर तिची पाठ आणि खालची जमीन दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पाठ स्वच्छ आणि जमिनीवर ट्रॉवेलच्या रेघा जशाच्या तशा उभ्या असतील, तर सायीवर फळी बसवली होती. ओलीचा संबंध नाही. ॲडेसिव्ह पाठीला आणि त्याला चिकटून राखाडी भुकटी आली असेल तर काँक्रीटचा कमकुवत थर घासलाच नव्हता. ॲडेसिव्ह पिठासारखं मऊ आणि त्यावर पांढरे स्फटिक दिसले तर खालून क्षारांसह ओल आली आहे. पीएचची पट्टी भिजवून लावा. १० च्या वर रंग गेला तर खात्री झाली. ॲडेसिव्ह दोन्हीकडे घट्ट असून मधोमध फाटलं असेल तर लाकूडच जास्त हललं, म्हणजे फळी ओली बसवली किंवा भिंतीजवळ जागा सोडली नाही.

कडा उचललेल्या फळ्या सप्टेंबरात घासून सपाट करायचा मोह टाळा. त्या वेळी तळ ओला आणि फुगलेला असतो. उंच कडा घासल्या की हिवाळ्यात तळ वाळल्यावर त्याच फळ्यांचा मध्य फुगीर दिसतो, आणि मग उपाय राहत नाही. आधी ओलीचं कारण बंद करा. त्यानंतर पिनांचा मीटर वरून उथळ आणि खोल टोचून दोन्ही आकडे जवळजवळ एक होईपर्यंत थांबा, साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत. बऱ्याच फळ्या तोवर आपोआप खाली बसतात, आणि ज्या बसत नाहीत तेवढ्याच घासाव्या लागतात.